न आलेलं गिऱ्हाईक

संध्याकाळी सातची वेळ ठरलेली असते. हॉटेलचं नाव, खोलीचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला असतो. बाई तयार होऊन निघते, रिक्षा निम्म्या वाटेवर असते आणि समोरच्याचा फोन बंद लागू लागतो. वेळ घेऊन न फिरकणारी माणसं दातांच्या डॉक्टरांनाही भेटतात. तिथे अर्धा तास फुकट जातो, चार शिव्या मनातल्या मनात देऊन पुढच्या पेशंटला आत बोलावता येतं. एस्कॉर्टच्या कामात रिक्षाचं भाडं आणि बुडालेली संध्याकाळ एवढ्यावर हिशेब मिटत नाही. फोन बंद झाला तो गिऱ्हाईक ऐनवेळी घाबरलं म्हणून, मुळात टाइमपासच करत होतं म्हणून, की पलीकडे पोलिसांचा माणूस होता आणि त्यांचा बेत फिसकटला म्हणून? तीनही शक्यतांचा चेहरा एकच असतो, बंद फोनचा. वेळ मोडणारं गिऱ्हाईक आणि पोलिसांची धास्ती ही या कामातली दोन वेगळी दुखणी म्हणून सांगितली जातात. माझ्या मते ती एकाच मुळातून आलेली आहेत, आणि ते मूळ कायद्याच्या अर्धवटपणात आहे.

1956चा अनैतिक मानवी व्यापार प्रतिबंधक कायदा, बोलीभाषेत ‘पिटा’, प्रौढ बाईने स्वतःच्या मर्जीने हे काम करणं हाच गुन्हा, असं म्हणत नाही. मात्र त्या कामाभोवतीची जवळजवळ प्रत्येक गोष्ट तो कक्षेत घेतो. देऊळ, शाळा, हॉस्पिटल यांच्यापासून 200 मीटरच्या आत हे काम चालणार नाही. मुंबईत यातलं एकही 200 मीटरच्या आत नाही असा लॉज कुणी दाखवावा! गिऱ्हाइकाला खुणावणं, बोलावणं गुन्हा. दोघी बायका एकाच फ्लॅटमधून आपापल्या फायद्यासाठी काम करू लागल्या, तर व्याख्येनुसार तो कुंटणखाना ठरू शकतो. कलम 4 तर आणखी पुढे जातं. अशा बाईबरोबर राहणारी किंवा नेहमी तिच्या सोबत दिसणारी प्रौढ व्यक्ती तिच्या कमाईवर जगते, असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे त्या व्यक्तीने सिद्ध करायचं. अनोळखी माणसाला बंद खोलीत भेटायला जाताना कुणीही शहाणी बाई काय करेल? मैत्रिणीला पत्ता देईल, ‘तासाभरात फोन आला नाही तर ये’ म्हणेल, ओळखीचा ड्रायव्हर खाली थांबवेल. नेमकी हीच माणसं या कलमाच्या तडाख्यात येतात. सुरक्षेसाठी धरलेली सोबत पुराव्यासारखी दिसू लागते, म्हणून बाई एकटी जाते.

वेळ बुडवणाऱ्यांवर सगळ्या धंद्यांनी शोधलेला इलाज म्हणजे अ‍ॅडव्हान्स. इथे तोही लंगडा पडतो. 1872च्या करार कायद्याचं कलम 23 अनैतिक हेतूचा करार रद्दबातल ठरवतं. म्हणजे पैसे बुडाले तर दाद मागायला दार नाही, ना तिला ना त्याला. यूपीआयवर पैसे घ्यावेत, तर स्क्रीनवर बँकेतलं खरं नाव उमटतं आणि कामासाठी घेतलेलं नाव तिथल्या तिथे गळून पडतं. गिऱ्हाइकाची बाजूही अगदीच खोटी नाही. एस्कॉर्टच्या खोट्या जाहिराती टाकून, कुठल्या तरी बाईचा उचललेला फोटो लावून अ‍ॅडव्हान्स उकळणाऱ्या टोळ्या पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत, आणि लाजेपायी तक्रार न करणारे पुरुष हेच त्यांचं भांडवल. त्यामुळे खरं गिऱ्हाईक आगाऊ पैसे द्यायला बिचकतं. त्याला नाव विचारलं, कामाचं ठिकाण विचारलं, तर ते आणखी बिचकतं, कारण आपल्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो की नाही हे त्याला ठाऊक नसतं. गिऱ्हाइकाला आरोपी करता येतं का, यावर उच्च न्यायालयांचंही एकमत नाही, मग त्याला कुठून ठाऊक असणार? तो सोपा मार्ग धरतो, फोन बंद करतो.

आता पोलिसांचा सापळा पाहा. बातमीत तो दोन ओळींत उरकतो, ‘बनावट ग्राहक पाठवून छापा’. प्रत्यक्षात आधी पंच बोलावले जातात, नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहिले जातात, त्याच नोटा बनावट गिऱ्हाइकाच्या हाती देतात आणि इशारा ठरतो. बनावट गिऱ्हाईक फोनवर बोलतं ते खऱ्यासारखंच, किंबहुना अधिक सभ्य. ते भाव पाडत नाही आणि ठरल्या वेळेला हजर राहतं. म्हणजे वेळेवर येणं हीसुद्धा भरवशाची खूण उरत नाही. 2019 साली मालाडमध्ये अशाच सापळ्यातून तीन तरुण प्रौढ मुली ताब्यात घेतल्या गेल्या. त्या आरोपी नव्हत्या, कागदोपत्री त्यांची ‘सुटका’ झाली होती. तरीही दंडाधिकाऱ्यांनी त्यांना वर्षभर संस्थेत ठेवण्याचा हुकूम काढला. सप्टेंबर 2020मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. वेश्याव्यवसाय हा स्वतःहून गुन्हा ठरवणारी किंवा तो करते म्हणून बाईला शिक्षा देणारी तरतूद कायद्यात नाही, असं न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी स्पष्ट केलं. तोवर मुलींचं जवळपास वर्ष गेलं होतं. शिक्षा नाही, पण डांबणं आहे. ही धास्ती मनाचे खेळ म्हणून कशी उडवून लावणार?

यावर पहिला आक्षेप येतो तो गंभीर आहे. सापळे लावले नाहीत तर अल्पवयीन आणि फसवून आणलेल्या मुली सापडणार कशा? त्या सापडल्याच पाहिजेत. पण अशा मुलीची पहिली कुणकुण लागते ती त्याच इमारतीतल्या, त्याच एजंटाकडे काम केलेल्या बाईला, नाहीतर एखाद्या गिऱ्हाइकाला. तिने पोलीस ठाण्याची पायरी चढायची तर आधी ‘तू तिथे काय करत होतीस’ या प्रश्नाला तोंड द्यायचं, आणि उत्तर स्वतःच्याच अंगावर येणार. सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था आणि हे काम करणाऱ्या बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही संघटना वर्षानुवर्षं मांडत आल्या आहेत ते हेच: प्रौढ बाई आणि जबरदस्ती झालेली मुलगी यांत फरक न करणारा छापा दोघींनाही गप्प करतो. दुसरा आक्षेप, ज्याचा आवाज नेहमी मोठा असतो, तो म्हणजे काम सोडावं, धास्ती आपोआप जाईल. कमाईचं दुसरं साधन हातात ठेवल्याशिवाय दिलेल्या या सल्ल्यावर फार शाई खर्च करावी असं वाटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022च्या आदेशात पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावं, माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये, असं बजावलं. मात्र न्यायालयानेच या प्रश्नावर नेमलेल्या समितीच्या काही शिफारशींवर केंद्र सरकारने हरकत घेतली आणि त्या बाजूला राहिल्या. मूळ कायदाही होता तसाच आहे. न्यूझीलंडने 2003मध्ये चारपर्यंत प्रौढ बायकांना एकत्र, मालकाविना काम करण्याची कायदेशीर मुभा दिली. आपल्याकडे निदान कुंटणखान्याच्या व्याख्येतून दोघींचं सामाईक घर वगळावं आणि कलम 4मधलं गृहीतक प्रौढ मैत्रिणीला, ड्रायव्हरला लावू नये, एवढी दुरुस्ती संसदेला जड नाही. तेवढ्याने गिऱ्हाईक वेळेवर येईल असं नाही. पण ते आलं नाही, किंवा भलतंच कुणी आलं, तर खाली कुणीतरी थांबलेलं असेल.