लिओ, लोखंडे आणि चाकणचा कंत्राटी कामगार

8 मे 2025 च्या रात्री साडेनऊनंतर सिस्टिन चॅपेलच्या धुराड्यातून नव्या पोपच्या निवडीचा पांढरा धूर निघाला, तेव्हा आपल्या वाहिन्यांवर भारत-पाकिस्तान सीमेवरच्या संघर्षाखेरीज दुसरं काही नव्हतं. पिंपरी-चिंचवडच्या कॅथलिक घरांनी ती बातमी मोबाइलवरच पाहिली आणि एकमेकांना धाडली. 18 मे रोजी या नव्या पोपनी, चौदाव्या लिओंनी, व्हॅटिकनमध्ये विधिपूर्वक पदाची सूत्रं हाती घेतली. ते शिकागोचे, पेरूत बिशप होते, ऑगस्टिनियन संघाचे प्रमुख म्हणून केरळला येऊन गेले, हे एव्हाना सगळ्यांनी वाचलं आहे. मला बोलायचं आहे ते त्यांनी निवडलेल्या नावाबद्दल.

याआधीचे लिओ, म्हणजे तेरावे, 1878 ते 1903 या काळात पोप होते. पुणे धर्मप्रांत त्यांनीच 1886 मध्ये स्थापला. भारतातले धर्मगुरू भारतीयच असावेत या आग्रहातून त्यांनी 1893 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सेमिनरी उभारली. ती 1955 मध्ये पुण्याला आली. नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी ती हीच. योगायोग असा, की नवे पोप जन्मले तेही 1955 मध्येच.

पण तेराव्या लिओंचं खरं मोठं काम म्हणजे 15 मे 1891 चं ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक. कामगाराला कुटुंब चालेल इतकी मजुरी मिळाली पाहिजे, त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, विश्रांतीचा दिवस त्याच्याकडून हिरावून घेता येणार नाही, असं त्यात ठणकावून सांगितलं आहे. समाजवादाला त्यांचा कडवा विरोध होता आणि खासगी मालमत्तेचं त्यांनी समर्थन केलं, हेही खरं. तरीही दुसरा पर्यायच नाही म्हणून मजुराने पडेल ती मजुरी मान्य केली, तर तो करार नव्हे, जबरदस्ती आहे, हे त्यांनी स्पष्ट म्हटलं. नव्या पोपनी 10 मे रोजी कार्डिनलांपुढे या परिपत्रकाचा उल्लेख करूनच आपल्या नावाचं कारण सांगितलं. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आणखी एक औद्योगिक क्रांती आली आहे आणि श्रमाची प्रतिष्ठा पुन्हा पणाला लागली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हे ऐकताना मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. ‘दीनबंधू’चे हे संपादक, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत त्यांनी साप्ताहिक सुट्टीच्या मागणीसाठी गिरणी कामगारांची मोठी सभा भरवली. तिथे दोन स्त्रियाही बोलल्या. 10 जूनला गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रोमचं परिपत्रक निघालं ते त्यानंतर अकरा महिन्यांनी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, विचारांची मुळंही अगदी वेगळी. पण कामगार हा माणूस आहे आणि माणसाला थांबण्याचा हक्क आहे, या निष्कर्षाला दोघेही पोचले. लोखंड्यांचं मूळ गाव कन्हेरसर, तालुका खेड. चाकण याच तालुक्यात आहे.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यातला कॅथलिक समाज कारखान्यांनीच इथे आणला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये स्थापन झाली, मग टेल्को आली, बजाज आली. त्यांच्यामागे गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडूची माणसं आली. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेरकडची मराठी कुटुंबंही आली. दरवर्षी हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्या या कुटुंबांची गावं 1987 मध्ये नाशिक धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत पुणे धर्मप्रांतातच होती. या कुटुंबांतल्या बहुतेकांचे पूर्वज दलित. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती आजही नाहीत. त्यामुळे कारखान्यातली कायम नोकरी हीच या कुटुंबांची वर येण्याची शिडी होती.

ती शिडी आता मोडली आहे. चाकणला आज मोटारी बनतात, पण त्या बनवणाऱ्यांत कंत्राटी कामगार, ट्रेनी आणि अप्रेंटिस भरमसाट आहेत. शेजारी उभं राहून तेच काम करणाऱ्या कायम कामगाराच्या पगाराशी त्यांच्या पगाराची तुलनाच होत नाही. त्यांत झारखंड-ओडिशाचे आदिवासीही आहेत आणि त्यांतले काही कॅथलिक आहेत. या औद्योगिक भागाची आठवड्याची सुट्टी बहुतेक ठिकाणी गुरुवारी असते. त्यामुळे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकते. शनिवारच्या संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते खरी, पण दुसऱ्या पाळीत असणाऱ्याला तीही मिळत नाही.

म्हणूनच नव्या पोपच्या निवडीचा आनंद मला मनापासून पटतो, पण एवढ्यावर तो थांबू नये असंही वाटतं. इथल्या चर्चने शाळा आणि दवाखाने उत्तम चालवले. कंत्राटी मजुराच्या प्रश्नावर मात्र चर्चचा आवाज क्षीणच राहिला आहे. नव्या पोपच्या निवडीच्या वेळी पुण्याला बिशप नव्हते. बिशप जॉन रॉड्रिग्ज यांची मुंबईला नेमणूक झाल्यापासून जागा रिकामी होती; जानेवारी 2025 मध्ये ते तिथले आर्चबिशप झाले. पण या कामाला बिशपांची वाट पाहायचं कारण नाही. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या प्रत्येक धर्मग्रामाने (पॅरिशने) आठवड्यातून एक संध्याकाळ, शक्यतो गुरुवारची, कामगारांसाठी ठेवावी. पगाराची पावती वाचून देणारा, पीएफ खात्यात खरंच पैसे जमा होतात का ते तपासून देणारा, गरज पडली तर कामगार आयुक्तालयात अर्ज लिहून देणारा एक जाणकार माणूस तिथे बसवावा. आणि दारात येणाऱ्याला त्याचा धर्म विचारू नये.