कॅरिबियनची 'एम्प्रेस' आता आपल्या मुंबईत!

लातूर-नांदेडकर जहाजवेड्यांनो, कॅरिबियन समुद्रात मुरलेलं जहाज बघायला अमेरिकेच्या व्हिसाची गरज नाही. कॉर्डेलिया क्रूझेसची 'एम्प्रेस' म्हणजे रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीची जुनी 'एम्प्रेस ऑफ द सीज'. 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेली, तेव्हाचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. क्युबाच्या सफरीही तिनं केल्या. 2020 मध्ये विकली गेली आणि 2021 च्या सप्टेंबरात मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे निघू लागली.

लांबी साधारण 210 मीटर. रॉयल कॅरिबियनची नवी 'आयकॉन ऑफ द सीज' 365 मीटरची! पण जुन्या प्रवाशांचा जीव अशा आटोपशीर जहाजांवरच जास्त. आणि तिकडचे निष्ठावंत प्रवासी म्हणजे भलतेच हां. रॉयल कॅरिबियनच्या 'क्राउन अँड अँकर सोसायटी' या निष्ठावंतांसाठीच्या योजनेत जहाजावरच्या एका रात्रीला सहसा एक गुण, स्वीट घेतला तर दुप्पट. 700 गुण झाले की सगळ्यात वरचा 'पिनॅकल क्लब'. आपल्याकडे रेल्वेनं असे गुण दिले असते तर अर्धं लातूर पिनॅकलमध्ये असतं!

जायचं कसं? लातूर एक्सप्रेस किंवा नांदेडहून देवगिरी, दोन्ही रात्रीच्या गाड्या सकाळी सीएसएमटीला पोचवतात. तिथून जहाज सुटतं तो बॅलार्ड पिअर धक्का टॅक्सीनं अगदी जवळ. जहाजावर जेवणाची काळजी नको, जैन जेवणसुद्धा मिळतं. जाणार असाल तर पावसाळा टाळा.