डिझेल इंजिनाचे हमीपत्र आणि खरेदीदाराची तक्रार

विहिरीवरील डिझेल इंजिन ऐन पाणी देण्याच्या वेळी बंद पडले, तर उभे पीक धोक्यात येते. अशा वेळी शेतकरी हमीपत्र घेऊन विक्रेत्याकडे जातो आणि 'हा बिघाड हमीत बसत नाही' असे उत्तर त्याला पुष्कळदा मिळते. वादाचे मूळ बहुधा हमीपत्रातील बारीक अक्षरांच्या अटींत असते. म्हणून त्या अटी पैसे देण्यापूर्वीच समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली अट मुदतीची. हमी पुष्कळदा महिन्यांबरोबर चालू तासांतही मोजलेली असते व जी मर्यादा आधी पुरी होईल ती लागू होते. समजा, हमी एक वर्षाची किंवा १,००० तासांची आहे. तर रोज १० तास चालणाऱ्या इंजिनाची हमी १०० दिवसांतच संपते. मुदत कोणत्या तारखेपासून धरावयाची, हे पावतीवर लिहून घ्यावे.

दुसरी अट भागांची. हमी म्हणजे सदोष भाग दुरुस्त करून अथवा बदलून देणे. मजुरी व वाहतुकीचा खर्च तीत असेलच असे नाही. इंधन पंपासारखे भाग अन्य कारखान्यात तयार झालेले असल्यास त्यांची हमी वेगळी असू शकते. गाळण्या, पट्टे व रबरी भाग झिजणारे म्हणून बहुधा वगळलेले असतात.

तिसरी अट वापराची, आणि खरा वाद येथेच होतो. हवेच्या गाळणीतून धूळ आत गेल्यास रिंगा व लायनर लवकर झिजतात. थंड करणारे पाणी थांबल्यास इंजिन तापून दट्ट्या अडकतो. असे बिघाड कारखान्याचा दोष मानले जात नाहीत. तेव्हा इंजिनाचे चालू तास, वंगणतेल बदलल्याची व गाळणी साफ केल्याची तारीख एका वहीत नोंदवावी आणि तेलाच्या पावत्या जपाव्यात. निगा राखल्याचा पुरावा तोच होय.

बिघाड झाल्यावर गावातील कारागिराकडून इंजिन उघडवू नये. इंजिनाचा क्रमांक, खरेदीची तारीख, चालू तास व बिघाडाचे स्वरूप लिहून विक्रेता व कारखानदार या दोघांकडे तक्रार द्यावी व पोच घ्यावी. इंजिन उघडताना स्वतः हजर राहावे आणि छायाचित्रे घ्यावीत. नकार मिळाल्यास कारणे लेखी मागावीत.

एवढ्यानेही दाद न लागल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार आहे. स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारा या कायद्याने ग्राहकच ठरतो. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत, अर्ज करता येतो. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर सल्ला घेता येतो.

तपासणीवाचून दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. यासाठी बिघडलेला भाग फेकू नये. विक्रेत्याने तो ठेवून घेतल्यास त्याची लेखी पोच घ्यावी. पावती, हमीपत्र, नोंदवही व बिघडलेला भाग ही चार साधने हाती असली, म्हणजे शेतकऱ्याची बाजू भक्कम राहते.