पाइन स्क्रिप्टमधले प्लॉटशेप: कापसाच्या चार्टवर त्रिकोण

भिवंडीतल्या यंत्रमागांवर विणल्या जाणाऱ्या सुती कापडाचा खर्च शेवटी कापसाच्या भावाशी जोडलेला असतो. कापसाचे वायदे मुंबईच्या एमसीएक्स या वायदे बाजारात होतात आणि त्यांचा चार्ट ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या संकेतस्थळावर पाहता येतो. या चार्टवर आपोआप खुणा उमटवण्यासाठी ट्रेडिंगव्ह्यूच्याच पाइन स्क्रिप्ट भाषेत ‘प्लॉटशेप’ हे फंक्शन आहे.

त्याला आधी अट द्यायची: उदाहरणार्थ, बंद भावाने 20 दिवसांची सरासरी खालून वर ओलांडली. अट खरी ठरलेल्या प्रत्येक कँडलवर, म्हणजे दैनिक चार्टमध्ये एका दिवसाचा भाव दाखवणाऱ्या दांडीवर, खूण उमटते. आकार, जागा, रंग, मजकूर हे सगळे ठरवता येते. आकार सांगितला नाही तर फुली येते. खरेदीच्या इशाऱ्याला कँडलखाली हिरवा, वर टोक असलेला त्रिकोण हा रूढ प्रघात, आणि तोच बरा. हे फंक्शन ‘इफ’ या अटीच्या ब्लॉकमध्ये चालत नाही, अट थेट त्यालाच द्यावी लागते. हव्या त्या भावावर मजकूर चिकटवायचा असेल तर लेबल सोयीचे.

खरी गोम चालू कँडलची. ती बंद होईपर्यंत भाव हलतो, त्यामुळे दुपारी दिसलेला त्रिकोण संध्याकाळी गायब होऊ शकतो. म्हणून अटीत ‘बारस्टेट डॉट इजकन्फर्म्ड’ (कँडल पक्की झाली का, हे सांगणारे चल) जोडावे. मग खूण कँडल बंद झाल्यावरच उमटते.