समोरच्यालाही दिसू द्या

सावंतवाडीहून निघून दाणोली मागे टाकली की आंबोलीचा घाट लागतो. जून ते सप्टेंबर या घाटात ढगच रस्त्यावर उतरतो. एका वळणापर्यंत लख्ख दिसत असतं आणि पुढच्याच वळणावर बॉनेटपलीकडचं काही कळेनासं होतं. चढणारी एसटी, बेळगावकडून भाजी घेऊन उतरणारे टेम्पो, कोल्हापूर आणि गोव्याकडच्या पर्यटकांच्या गाड्या, धबधब्याजवळ रस्त्यावरूनच चालणारी माणसं, सगळ्यांना त्या धुक्यात एकाच अरुंद रस्त्यावरून वाट काढायची असते.

मी सावंतवाडीत गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. पावसाळ्याच्या तोंडावर बहुतेकांची मागणी एकच असते, "लाइट वाढवून द्या." कारण विचारलं तर सांगतात, समोरचे फार लाइट मारतात. म्हणजे ज्याला इतरांच्या लाइटचा त्रास होतो, तोच आपला लाइट वाढवायला येतो. असं होत होत रस्त्यावरचा उजेड वाढत चाललाय आणि दिसणं कमी होत चाललंय. मला हे मनापासून खुपतं, कारण यातला बराचसा त्रास एक पैसाही खर्च न करता टाळता येतो. त्यासाठी आपल्या गाडीचे दिवे काय करतात, तेवढं मात्र नीट समजून घ्यायला हवं.

धुक्यात अप्पर का चालत नाही

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिशय बारीक थेंब. अप्पर लावला की हेडलाइटचा झोत सरळ समोर, डोळ्यांच्या पातळीपर्यंत जातो. वाटेतला प्रत्येक थेंब त्यातला थोडा उजेड इकडेतिकडे उधळतो आणि त्यातला काही परत आपल्याच डोळ्यांत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहिल्यासारखं होतं आणि बल्ब जितका जोरदार, तितकी ती भिंत दाट होते. त्यामुळे धुक्यात पहिलं काम डिपर लावायचं.

फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली बसवलेला असतो, त्यालाही कारण आहे. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो आणि वरच्या बाजूला सुरीनं कापल्यासारखा संपतो. उजेड आपल्या नजरेच्या रेषेखालून जातो, त्यामुळे परत डोळ्यांत कमी येतो. रस्त्याची कड, पांढरा पट्टा, कठड्याचा पाया एवढं त्यात दिसतं. हा दिवा लांबचं दाखवण्यासाठी केलेलाच नाही. त्याचा खरा उपयोग गाडीपुढच्या २०-३० मीटरमध्ये, सावकाश चालवताना होतो.

वेगाचा हिशोब इथेच करून घ्यावा. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात सुमारे १७ मीटर संपले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी १२-१३ मीटर लागतात, आणि उतार असेल तर त्याहूनही जास्त. ३० मीटर दिसत असेल तर उतारावर ४० चा वेगही जास्तच झाला. कुठलाही दिवा हा हिशोब बदलू शकत नाही.

"पिवळाच फॉग बसवा, पिवळा धुक्यातून आरपार जातो," असंही लोक आग्रहानं सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानानं खूपच मोठे असतात. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, पिवळ्याला वेगळी सवलत नाही. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, शेवटी तेही पांढऱ्यावर आले. पिवळ्या उजेडात निळा भाग कमी असल्यानं तो डोळ्यांना कमी बोचतो, एवढं खरं. ज्याला तो बरा वाटतो त्यानं जरूर लावावा, पण धुक्यात कामाला येते ती झोताची उंची आणि आकार.

धुकं गेलं की फॉग बंद

फॉग लॅम्पचा झोत रुंद असतो आणि तो गाडीजवळचा रस्ता फार उजळतो. स्वच्छ रात्री तो चालू ठेवला की आपली नजर जवळच्या उजेडाला सरावते आणि दूरच्या काळोखातली माणसं, गुरं दिसायला उशीर होतो. ओल्या डांबरावरून तोच उजेड परावर्तित होऊन समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिवा खाली असला तरी पावसात तो त्रास देतोच.

काही गाड्यांना मागेही एक लाल फॉग लॅम्प असतो. तो ब्रेक लाइटच्या तोडीचा प्रखर असतो. दाट धुक्यात मागून येणाऱ्याला आपण लवकर दिसावं म्हणून तो दिलेला आहे. धुकं नसताना तो जळत राहिला तर मागच्याचे डोळे दुखतात आणि आपण खरोखर ब्रेक दाबला तरी त्याला फरक पटकन कळत नाही. जर्मनीत ५० मीटरहून कमी दिसत असेल तरच मागचा फॉग लावता येतो, आणि तेव्हा वेगही ताशी ५० च्या वर नेता येत नाही. ब्रिटनमध्ये साधारण १०० मीटरपलीकडचं दिसत नसेल तरच फॉग लावायचे आणि दिसू लागताच बंद करायचे, असा नियम आहे.

आपल्याकडे बऱ्याच रस्त्यांच्या कडेला २००-२०० मीटरवर दगड असतात. त्यांच्यामधल्या अंतराच्या निम्म्यापर्यंत दिसत असेल तर मी फॉग बंद करतो. डॅशबोर्डवरच्या खुणाही ओळखून ठेवाव्यात. नागमोडी रेघ असलेला हिरवा दिवा पुढच्या फॉगचा, तशीच रेघ असलेला केशरी दिवा मागच्या फॉगचा आणि निळा दिवा अप्परचा. घाट उतरून दाणोलीत आलात की एकदा या तिन्ही खुणांवर नजर टाका.

चारही इंडिकेटर लावून धुक्यात गाडी चालवायची सवयही वाढली आहे. त्यात आपण वळणार आहोत की सरळ जाणार आहोत, हे कोणालाच कळत नाही, आणि मागून येणाऱ्याला गाडी उभी आहे की चालती, याचाही घोळ होतो. ते चारही दिवे गाडी थांबवावी लागली तर लावावेत. चालत्या गाडीला डिपर, फॉग आणि मागचा लाल दिवा पुरेसा आहे.

झोत बिघडतो कुठे

डोळे दिपवणारा लाइट बऱ्याचदा गॅरेजात तयार होतो. जुन्या पद्धतीच्या हेडलाइटमध्ये ६०/५५ वॉटचा एच-फोर बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर जातो. तार मिलिमीटरभर जरी सरकली तरी झोताचा आकार बिघडतो. अशा हेडलाइटमध्ये बाजारातला जास्त ताकदीचा एलईडी बल्ब घुसवला की उजेडाचा उगम तारेच्या जागेवर राहत नाही. कापलेली कड नाहीशी होते आणि उजेड झाडांच्या शेंड्यांपर्यंत, समोरच्याच्या काचेत, सगळीकडे पसरतो. आत बसलेल्याला वाटतं लाइट वाढला. रस्त्यावर पडायला हवा तो उजेड मात्र वाया गेलेला असतो.

म्हणून मी असे बल्ब बसवत नाही. पुढे लावायचे सर्चलाइट आणि एलईडीचे बारही बसवत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला असला पाहिजे किंवा चालकाला तो खाली वळवता आला पाहिजे. दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला तो दिपवता कामा नये. ही जागा म्हणजे समोरून येणाऱ्या माणसाचीच जागा. नियम करणाऱ्यांनी त्याचा विचार केला होता. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही कंपनीनं दिलेल्या गाडीत मनासारखे बदल करायला मनाई करतं.

लाइट कमी वाटतो ही तक्रार खोटी नसते, पण तिची कारणं बहुतेकदा साधी असतात. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत होल्डर आणि अर्थिंगचे जोड गंजतात. बल्बपर्यंत पोचणारा व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडला तर हॅलोजनचा उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. हेडलाइटची काच पिवळी पडलेली असते किंवा बल्बचे कान खाचेत नीट बसलेले नसतात. अर्थ साफ करून, काच पॉलिश करून, रिले घालून, कंपनीच्याच वॉटचा नवा बल्ब लावला की बहुतेक जण समाधानानं जातात, आणि समोरच्याला त्रास होत नाही.

फोकस स्वतः तपासा

सपाट जागेवर गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. टायरची हवा बरोबर असावी. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूनं रेघ मारा आणि तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ मारा. डिपर लावा. उजेडाची वरची कड साधारण दुसऱ्या रेघेवर यायला हवी. डावीकडे ती थोडी वर चढते, ते बरोबर आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो आणि कडेची माणसं दिसावीत म्हणून झोत तसा केलेला असतो. कड पहिल्या रेघेच्याही वर गेली असेल तर फोकस सेट करून घ्या. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

बऱ्याच कारमध्ये स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं. पुढे एक-दोघंच बसलेले असतील तर ते ० वर ठेवायचं. मागे माणसं बसली, डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर उठतं आणि डिपरही अप्परसारखा लागतो. अशा वेळी चाक १, २, ३ असं फिरवलं की झोत खाली येतो. गणपतीला मुंबईहून भरलेल्या गाड्या येतात, त्यांतल्या बहुतेकांचं चाक शून्यावरच असतं. मी विचारतो तेव्हा कळतं, हे चाक कशासाठी आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

डोळ्यांचं काय होतं

प्रखर लाइट अंगावर आला की त्याचा उजेड डोळ्याच्या आत विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढरट पडदा येतो. लाइट निघून गेल्यावरही नजर ताळ्यावर यायला काही सेकंद लागतात. ताशी ६० ला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांत ५० मीटर आंधळेपणानं कापले. वय वाढेल तसा हा त्रास वाढतो आणि मोतीबिंदू असेल तर फारच. माझ्याकडे येणारे एक एसटीचालक म्हणतात, "लाइट तोंडार इली की कठडो खंय आणि रस्तो खंय, कायेक समजना नाय." त्यांच्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात.

घाटाच्या वरच्या बाजूला याचं दुसरं रूप दिसतं. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा-गडहिंग्लजकडे जाते. तिच्या खोऱ्यात हिवाळ्यात उसाचा गळीत हंगाम असतो. पहाटेच्या धुक्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यानं चाललेल्या असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेले असतात. समोरून येणाऱ्यानं अप्पर तसाच ठेवला की आपल्या पुढची ट्रॉली त्या उजेडात बुडून जाते. धडक ट्रॉलीला बसते आणि अप्पर लावणारा काही न कळता पुढे निघून जातो. ज्याच्यामुळे अपघात होतो त्याला तो दिसतच नाही, म्हणून ही सवय सुटत नाही असं मला वाटतं.

आपण दिपलोच तर काय करायचं? अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, नजर समोरच्या लाइटवरून काढून डाव्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवायची. चिडून आपलाही अप्पर लावू नये, त्यानं दोन आंधळे समोरासमोर येतात. मागच्याचा लाइट आरशातून लागत असेल तर आतल्या आरशाखालची छोटी कळ फिरवावी. काच आतूनही पुसावी, वायपर वेळेवर बदलावेत. दुचाकीवाल्यांनी ओरखडे पडलेला व्हायझर बदलावा, प्रत्येक ओरखडा उजेड पसरवतो.

ट्रकच्या मागे "यूज डिपर अ‍ॅट नाइट" असं लिहिलेलं आपण लहानपणापासून वाचत आलोय. जुने ट्रकचालक ते पाळतात. वळणापलीकडून येणाऱ्या गाडीचा नुसता उजेड झाडांवर दिसला तरी ते डिपर देतात, गाडी दिसायची वाट पाहत नाहीत. हीच रीत नव्या चालकांना ड्रायव्हिंग स्कूलमध्ये स्टिअरिंगइतक्याच आस्थेनं शिकवायला हवी.

अरुंद घाटात समोरून येणारी गाडी हातभर अंतरावरून आपल्याजवळून जाते. त्या क्षणी आपला जीव तिच्या चालकाच्या हातात असतो. त्याला रस्ता नीट दिसणं ही आपलीच गरज आहे. म्हणून पुढच्या वेळी घाटात शिरण्याआधी ते छोटं चाक बघा, धुक्यात डिपर ठेवा आणि धुकं सरलं की फॉग बंद करा.