जुनी सहाबारी आणि नवी आडकाठी

मराठी कथा-कादंबऱ्यांत पिस्तूल आले की नायक हमखास ‘घोडा दाबतो’. खरे तर दाबला जातो तो चाप. घोडा म्हणजे मागे ओढून उभा करायचा आणि चाप ओढताच पुढे आपटणारा हातोडा. ठासणीच्या बंदुकीवर तो उघडा दिसतो. भाषेतली ही सरमिसळ निरुपद्रवी आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सुरक्षिततेचा प्रश्न मात्र या दोन भागांच्या नात्यातच दडलेला आहे, म्हणून आधी त्यांना वेगळे केले.

निमित्त झाले ते पाटण तालुक्यातल्या एका स्नेह्यांचे. आमच्या भागात परवान्याची बंदूक म्हटली की ती बहुधा रानडुकरांपासून पीक राखायची. यांच्याकडे मात्र वडिलांच्या मागे रीतसर परवान्यासह आलेली बत्तीस बोअरची वेब्ली आहे. घरात दोन लहान नातवंडे. त्यांनी विचारले, “अण्णा, हिला नव्यासारखी सेफ्टी बसवून घ्यावी का?”

जुन्या सहाबारी पिस्तुलात घोड्याचे टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकते. कोल्टच्या 1873च्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा किंचित मागे अडवून ठेवणारी एक खाच आहे, पण ती नाजूक. शस्त्र घोड्यावर पडले तर खाच तुटते आणि बार उडतो. म्हणून जाणते लोक सहा घरांपैकी पाचच भरत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवत. वेब्लीने एक पाऊल पुढे टाकले. बार झाल्यावर चाप सोडला की तिचा घोडा आपोआप थोडा मागे सरकून उभा राहतो. मात्र तो तिथे राहणे शेवटी जुन्या कमानीवर आणि झिजलेल्या लोखंडावर अवलंबून असते.

यावर कारखान्यांनी दोन उपाय काढले. एक म्हणजे घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये आडकाठी घालायची. चाप पूर्ण ओढला तरच ती बाजूला होते. दुसरा उपाय नेमका उलटा. घोडा काडतुसापर्यंत पोहोचूच द्यायचा नाही. चाप ओढताना मध्ये एक पट्टी वर येते आणि घोड्याचा ठोका पुढच्या सुट्या खिळीला देते. चापावर बोट नाही, तर मध्यस्थ नाही आणि ठोकाही नाही. मला हा दुसरा उपाय अधिक बुद्धिमान वाटतो.

या सुधारणांमागे माणसांचे जीव गेले आहेत. 1944 साली अमेरिकी नौदलातल्या एका खलाशाचा, स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर डेकवर पडून सुटलेल्या गोळीने मृत्यू झाला. त्यानंतर कंपनीने आडकाठीची रचना बदलली. ब्रिटिशांनी त्याच युद्धात उलटा प्रवास केला. एनफिल्ड रिव्हॉल्व्हरचे उत्पादन वाढवण्यासाठी 1942मध्ये तिची आडकाठीच काढून टाकली आणि पुढे ती परत बसवावी लागली. म्हणजे जुन्या शस्त्रात सुरक्षा घालणे हे पाप नव्हे. ते कोण करतो आणि त्या शस्त्राची घडण ते पेलते का, हे पाहावे लागते.

अमेरिकेतल्या रूगर कंपनीचे उदाहरण मला आदर्श वाटते. 1973पासून तिने पट्टीची रचना स्वीकारली आणि पुढे आपली जुनी रिव्हॉल्व्हरे फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. बदललेले शस्त्र परत पाठवताना काढलेले मूळ भागही मालकाला देतात. संग्राहकाचा जीव त्या सुट्या भागांत अडकलेला असतो, हे ओळखूनच ही सोय असावी.

आमच्या स्नेह्यांच्या वेब्लीला असा वाली नाही. तिच्यात पट्टी घालायची तर घोड्याचे टोक कापायचे, सांगाड्यात सुट्या खिळीसाठी भोक पाडायचे आणि आतली कळ नव्याने घडवायची. हे काम करून देईन म्हणणारा कारागीर भेटेलही, पण 1959च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरबदल करायलाही परवाना लागतो. शिवाय असे हाती केलेले काम पडझडीत टिकेल याची हमी कोण देणार? खोट्या भरवशाची सेफ्टी ही मला सेफ्टी नसण्याहून धोक्याची वाटते, कारण मग माणूस सहावे घरही भरतो.

“आपलं धरण नाही का मजबूत केलं?” असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. 11 डिसेंबर 1967च्या भूकंपात कोयना धरणाच्या उंच भागांना तडे गेले. मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते भाग भक्कम केले, आणि सांडव्याच्या भागाचे बळकटीकरण या शतकात झाले. पण धरण रिकामे करून कपाटात ठेवता येत नाही. रिव्हॉल्व्हर येते.

तेव्हा माझे उत्तर ‘बसवू नका’ असेच होते. काडतुसे काढून वेगळ्या कुलपात ठेवा, परवानाधारक कारागिराकडून घोडा-कमान तपासून घ्या. तेवढ्यानेही घरच्यांना झोप लागत नसेल, तर शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवा. नातवंडांसाठी हाच उपाय खरा. कोणतीही आडकाठी चाप ओढणाऱ्या पोराला अडवत नाही. ती फक्त पडण्याच्या आणि आदळण्याच्या अपघातासाठी असते. आमच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच निघाला, आणि तो त्यांना नवा होता.

कायमचे सोडून देणे त्यांना जड जाते, याला भावनेखेरीज दुसरेही कारण आहे. कोयना अभयारण्य 1985मध्ये घोषित झाले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 34नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. एकदा गेलेला परवाना पुन्हा मिळवणे सोपे नाही, हे इथल्या प्रत्येक परवानाधारकाला ठाऊक असते. तूर्त मी त्यांना शस्त्रावरचे क्रमांक आणि बर्मिंगहॅमच्या चाचणीचे शिक्के वहीत उतरवून परवान्याशी ताडून पाहायला सांगितले आहे.