घड्याळाशीं खेळलेला डाव

बुद्धिबळ हा स्वस्थ बसून, हनुवटीला हात लावून, तासन्तास विचार करीत खेळण्याचा खेळ, अशी आपणां बहुतेकांची समजूत असते. परंतु हल्लीं हाच खेळ मुलें मोबाइलच्या पडद्यावर तीन किंवा पांच मिनिटांत संपवितांना दिसतात, आणि आईबापांस प्रश्न पडतो कीं, ही बुद्धीची कसरत आहे कीं निव्वळ बोटांची चाळवाचाळव? या प्रश्नाचें उत्तर उपदेशानें देण्यापेक्षां उदाहरणानें द्यावें, असें वाटल्यावरून आपल्या महाराष्ट्रांतील, नागपूरच्या कु. दिव्या देशमुख या ग्रँडमास्टर खेळाडूचा शीघ्र खेळ येथें थोडक्यांत तपासून पाहण्याचें योजिलें आहे. तिच्या अंगीं कोणते गुण दिसतात आणि कोणती उणीव तिनें स्वतःच कबूल केली आहे, हें पाहिलें म्हणजे मुलांस व पालकांस, दोघांसही, कांहीं घेण्यासारखें सांपडेल.

प्रथम शीघ्र बुद्धिबळ म्हणजे काय तें पाहूं. पूर्वीं डावाला वेळेचें बंधन नसे, आणि एखादा संथ खेळाडू एकेका चालीस इतका वेळ लावी कीं प्रतिपक्षी कंटाळून जाई. यावर उपाय म्हणून जोडघड्याळें निघालीं. १८८३ सालच्या लंडन येथील स्पर्धेंत तीं वापरलीं गेलीं. आपली चाल झाली कीं आपलें घड्याळ थांबतें व समोरच्याचें चालूं होतें. ज्याची वेळ आधीं संपेल तो बहुधा हरला, मग पटावर त्याचें सैन्य कितीही बलाढ्य असो. पुढें अमेरिकेचे जगज्जेते बॉबी फिशर यांनीं अशी सुधारणा सुचविली कीं, प्रत्येक चालीमागें खेळाडूच्या घड्याळांत कांहीं सेकंदांची भर पडावी. त्यांच्या १९९२ सालच्या सामन्यांत ही पद्धत वापरली गेली, व आज ती सर्वत्र रूढ आहे.

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमाप्रमाणें खेळाडूची मूळ वेळ आणि ६० चालींची भर यांची बेरीज करावयाची. ती १० मिनिटांहून अधिक परंतु ६० मिनिटांहून कमी आली तर तो डाव ‘रॅपिड’. १० मिनिटें किंवा त्याहून कमी आली तर ‘ब्लिट्झ’. उदाहरणार्थ, १५ मिनिटें व दर चालीस १० सेकंद असा डाव असेल, तर ६० चालींचे ६०० सेकंद म्हणजे १० मिनिटें, एकूण २५. हा रॅपिड झाला. ३ मिनिटें व दर चालीस २ सेकंद असतील तर बेरीज ५ मिनिटें, हा ब्लिट्झ. आंतरजालावर तर एकेका मिनिटाचेही डाव होतात. त्यांस बंदुकीच्या गोळीवरून ‘बुलेट’ असें नांव पडलें आहे.

आम्हां राळेगणसिद्धीकरांस हें गणित चटकन उमजावें. पारनेर तालुक्यांतील हें गांव अवर्षणाच्या पट्ट्यांतलें. १९७५ नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं नालाबांध घातले, पाझर तलाव दुरुस्त केले, उतारावर चर खणले. तेव्हां कांहीं आभाळांतून अधिक पाऊस पडूं लागला नव्हता. पडणारें पाणी वाहून जात होतें तें थांबलें, एवढेंच. आणि तेवढ्यानें विहिरींस पाणी आलें. घड्याळाचेंही तसेंच आहे. दोन्ही खेळाडूंस वेळ सारखीच मिळते. ती कोणाची वाहून जाते आणि कोणाची ऐन गरजेच्या वेळीं शिल्लक राहते, यावर शीघ्र डावाचा निकाल अवलंबून असतो. आणि वेळ शिल्लक राहते ती हात भराभर चालविल्यानें नव्हे, तर पूर्वीं केलेल्या अभ्यासानें.

आतां कु. दिव्येकडे वळूं. तिचा जन्म ९ डिसेंबर २००५ रोजीं नागपूर येथें झाला. आईवडील दोघेही डॉक्टर. तिचा पहिला गुण म्हणजे आपल्याहून बलवान प्रतिपक्ष्यासमोर न दबणें. २०२३ सालीं कोलकाता येथील टाटा स्टील स्पर्धेंत ती मूळ यादींत नव्हती. दुसऱ्या खेळाडूच्या जागीं तिला ऐनवेळीं बोलावणें आलें. तेथें जगज्जेती जू वेनजुन हिच्यासारख्या खेळाडू असतां दिव्येनें महिलांच्या रॅपिड विभागांत ९ पैकीं ७ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकाविला. शीघ्र खेळांत भीतीस फार मोठी किंमत मोजावी लागते. भ्यालेला मनुष्य चांगली चाल सांपडल्यावरही ती पुन्हां पुन्हां तपासीत बसतो, आणि तेवढ्यांत त्याचें घड्याळ रितें होतें.

दुसरा गुण चिकाटीचा. २०२५ च्या जून महिन्यांत लंडन येथें सांघिक ब्लिट्झ स्पर्धेच्या उपांत्य सामन्यांत तिनें चीनच्या हू यीफान हिला हरविलें. हू यीफान ही महिलांच्या क्रमवारींत त्या वेळीं जगांत पहिली. हा डाव ७४ चालींपर्यंत चालला. ब्लिट्झमध्यें इतक्या चाली होईपर्यंत दोघांच्याही घड्याळांत सेकंदच उरलेले असतात. अशा वेळीं जो बरोबरीवर समाधान न मानतां प्रत्येक चालीस समोरच्यापुढें कांहीं ना कांहीं नवा प्रश्न टाकीत राहतो, त्याचें पारडें हळूहळू जड होत जातें.

या दोन्ही गुणांची खरी कसोटी त्यानंतर महिन्याभरानें जॉर्जिया देशांतील बाटूमी येथें लागली. महिलांच्या विश्वचषक स्पर्धेंत तिला पंधरावें मानांकन होतें. तेथें सामना प्रथम संथ डावांनीं होतो, व बरोबरी झाल्यास शीघ्र डावांनीं निकाल लागतो. चीनची झू जिनर आणि आपली द्रोणवल्ली हरिका या दोघींवर तिनें शीघ्र डावांतच मात केली. अंतिम सामन्यांत गांठ पडली ती कोनेरू हंपी यांच्याशीं. हंपी या ग्रँडमास्टर झालेल्या पहिल्या भारतीय महिला, आणि २०१९ व २०२४ अशा दोन वर्षांच्या रॅपिड जगज्जेत्या. म्हणजे शीघ्र डाव हें त्यांचेंच घरचें अंगण. दोन संथ डाव बरोबरींत सुटले. २८ जुलै २०२५ रोजीं पहिला रॅपिड डावही बरोबरींत गेला. दुसऱ्यांत दिव्येकडे काळीं मोहरीं होतीं. वेळेच्या ओढाताणींत हंपींच्या हातून चुका झाल्या, आणि १९ वर्षांची दिव्या विश्वचषक विजेती ठरली. स्पर्धेपूर्वीं ग्रँडमास्टर किताबासाठीं लागणारा एकही ‘नॉर्म’ तिच्यापाशीं नव्हता. या विजयानें तो किताब तिला थेट मिळाला. भारताची ती ८८ वी ग्रँडमास्टर, व महिलांत चौथी.

येथवर गुण झाले. आतां उणीव पाहूं. आणि आमच्या मतें विद्यार्थ्यांनीं अधिक लक्ष द्यावें तें येथें. जग तिच्यावर स्तुतिसुमनें उधळीत असतां त्याच दिवशीं दिव्येनें सांगितलें कीं, डावाचा शेवटचा भाग आपणांस अजून नीट शिकावयास पाहिजे, तेथें आपल्या हातून चुका झाल्या आहेत. आणि तें खरेंच होतें. निर्णायक डावांत विजयाची सरळ वाट हाताशीं असतां ती एकदां निसटली होती.

अंत्यभाग इतका अवघड कां? पटावर मोहरीं थोडीं उरलीं म्हणजे खेळ सोपा झाला, असें नवशिक्यास वाटतें. वस्तुतः तेथें एका चालीच्या अंतरानें जय, पराजय कीं बरोबरी हें ठरतें. समजा, पटावर पांढरा राजा, त्याचें एक प्यादें आणि काळा राजा एवढेच उरले. पांढरा राजा आपल्या प्याद्याच्या पुढें सहाव्या रांगेंत पोहोंचला असेल, आणि प्यादें अगदीं कडेच्या उभ्या ओळींतलें नसेल, तर चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. पण प्यादें पुढें आणि राजा मागें राहिला असेल, तर दोन राजे समोरासमोर असतांना चाल कोणाची, यावर बहुधा सर्व निकाल लोंबकळतो. हा नियम ज्यास अवगत आहे त्यास ही स्थिति ओळखण्यास एक सेकंद पुरतो. ज्यास नाहीं त्यास पांच मिनिटेंही अपुरीं. आणि शीघ्र डावांत अंत्यभाग येईपर्यंत पांच मिनिटें उरतातच कोठें? म्हणून घरीं शांतपणें शिकलेला अंत्यभाग हाच शीघ्र खेळाडूचा खरा पाणीसाठा होय.

आंतरजालावरील खेळास आणखी एक संकट असतें. २०२० सालीं महामारीमुळें ऑलिंपियाड स्पर्धा आंतरजालावर भरविण्यांत आली. डाव १५ मिनिटांचे, दर चालीस ५ सेकंदांची भर. भारतीय संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता, आणि मुलींच्या पटावर १४ वर्षांची दिव्या. ३० ऑगस्ट रोजीं रशियाशीं अंतिम सामना झाला. पहिल्या फेरींतील सहाही डाव बरोबरींत सुटले. दुसऱ्या फेरींत ऐन खेळांत संपर्क तुटला, आणि दिव्या व निहाल सरीन या दोघांचे डाव वेळ संपल्यामुळें गेले. भारतानें दाद मागितली. चौकशीअंतीं महासंघाच्या अध्यक्षांनीं दोन्ही देशांस संयुक्त विजेते जाहीर केलें. त्या वयांत असा प्रसंग सोसून पुढल्या डावास ताज्या मनानें बसणें, हेंही शीघ्र खेळाचें एक शिक्षणच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, यांतून आपण काय घ्यावें? एक एक मिनिटाचे पन्नास डाव खेळण्यापेक्षां १५ मिनिटांचे दोन डाव खेळा. हरलेला डाव त्याच दिवशीं पुन्हां मांडून पाहा, आणि आपली वेळ कोणत्या चालीवर वाहून गेली तेथें खूण करा; बहुतेक वेळां अज्ञान तेथेंच दडलेलें असतें. आठवड्यांतून एक दिवस मोबाइल बाजूस ठेवून लांकडी पटावर अंत्यभागाचा एक नियम शिका. आणि पडद्याआड आपणांस कोणी पाहत नाहीं म्हणून संगणकाकडून चाल विचारूं नका; तशा विजयांत तुमचें कांहींच नसतें.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा मोबाइलवर बुद्धिबळ खेळतांना दिसला तर लगेच रागावूं नये, आणि लगेच कौतुकही करूं नये. ‘आज किती डाव जिंकलास?’ असें न विचारतां ‘आज कोणती चूक सांपडली?’ असें विचारावें. उत्तर आलें तर ती बुद्धीची कसरत आहे असें खुशाल समजावें. न आलें तर ती बोटांची चाळवाचाळव. विश्वचषक हातीं आला त्याच दिवशीं आपली चूक सांगणारी नागपूरची मुलगी या प्रश्नास तत्काळ उत्तर देऊं शकली. आपल्या मुलांनाही तें देतां यावें.